लेडी मॅकबेथला सोडवताना ग्रुओख पुन्हा हरवतेय

इंग्रजीत सध्या जुन्या राण्यांच्या कादंबऱ्यांना भरपूर मागणी आहे. ग्रीक पुराणातल्या बायका झाल्या, ट्यूडर राण्या तर कधीच्या झाल्या, आणि आता लेखक-पब्लिशर मंडळी आयर्लंड-स्कॉटलंडच्या मध्ययुगातल्या केल्टिक राण्यांकडे वळलीयेत. ग्रुओख ही अकराव्या शतकातली स्कॉटलंडची राणी, शेक्सपिअरच्या "मॅकबेथ" नाटकात नवऱ्याला राजाचा खून करायला भरीला घालणाऱ्या लेडी मॅकबेथमागची खरी बाई. तिच्यावर २०२४ या एकाच वर्षात निदान दोन कादंबऱ्या आल्या, त्याआधीच्या वेगळ्याच. मला हा सगळा प्रकार आवडतो, मी अशी पुस्तकं शोधून वाचते, आणि म्हणूनच हे लिहितेय, कारण यातल्या बऱ्याच पुस्तकांत एक गोष्ट सतत घडताना दिसते आणि ती मला मनापासून खुपते. "तिला तिचा आवाज परत देतोय" असं म्हणत म्हणत तिचं जे थोडंसं स्वतःचं उरलंय तेच पुसलं जातं आणि तिथे आपल्या काळाला आवडेल अशी बाई उभी राहते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. इतिहासात जिथे रिकामी जागा आहे तिथे कादंबरीकाराने हवं ते लिहावं, तो त्याचा हक्कच आहे, त्यासाठीच तर कादंबरी असते. पण जे चार-दोन धागे हाताला लागतात ते तोडू नयेत. आणि कथेसाठी तोडावेच लागले तर पुस्तकाच्या शेवटी वाचकाला स्पष्ट सांगावं की इथे मी तोडलंय.

आता ग्रुओखबद्दल पक्कं काय माहितीय ते बघू. स्कॉटलंडमधे फाइफच्या शेजारी लॉक लेव्हन नावाचं मोठं तळं आहे, त्यात सेंट सर्फचं बेट आहे, तिथे कल्डी नावाचे जुन्या गेलिक परंपरेतले ख्रिस्ती साधू राहायचे. या साधूंना कर्कनेस नावाच्या गावची जमीन दान दिल्याची नोंद आहे आणि देणारे दोघं आहेत, फिनलेखचा मुलगा मॅकबेथ आणि बोइटेची मुलगी ग्रुओख, स्कॉट लोकांचे राजा आणि राणी. नुसतं "राजा आणि त्याची बायको" असं नाही. तिचं नाव आहे, तिच्या बापाचं नाव आहे, आणि तिचं पद आहे. स्कॉटलंडच्या राजाच्या बायकोचं नाव राणी या पदासकट कागदावर येतं अशा अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. जमीन कशी दिली तेही लिहिलंय, राजाचा कर नाही, पुलाच्या दुरुस्तीचं, फौजेचं, शिकारीचं कसलंही ओझं नाही, बदल्यात फक्त साधूंनी प्रार्थना करायची.

हा कागद टिकला कसा तेही बघण्यासारखं आहे. मूळ नोंद गेलिकमधे, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत होती. बाराव्या शतकात साधारण ११५० च्या सुमारास राजा डेव्हिड पहिला याने ते बेट सेंट अँड्र्यूजच्या मठाला देऊन टाकलं आणि कल्डींना सांगितलं की नव्या नियमाने राहायचं तर रहा नाहीतर निघा. नवे मालक आले म्हणजे त्यांना जुन्या जमिनी कुठल्या, कोणी दिल्या, कुठल्या अटींवर दिल्या याचे पुरावे लागणारच, म्हणून जुन्या नोंदींचं लॅटिन झालं आणि त्या मठाच्या दप्तरात शिरल्या. आपल्याकडे एखाद्या पणजीचं नाव घरात कोणालाच आठवत नाही पण जुन्या सातबाऱ्यावर सापडतं ना, तसंच हे झालं. ग्रुओख कोणी तिच्यावर काव्य लिहिलं म्हणून टिकली नाही, जमिनीच्या व्यवहारात होती म्हणून टिकली.

बाकी जे आहे ते तिच्या आजूबाजूच्या पुरुषांच्या मरणाचं. आयर्लंडमधल्या मठांत दरवर्षीच्या घटना दोन-दोन ओळींत लिहून ठेवायची पद्धत होती, त्यात स्कॉटलंडच्याही बातम्या येतात. १०२० मधे मॅकबेथचा बाप फिनलेख, उत्तरेकडच्या मरे प्रांताचा प्रमुख, आपल्याच पुतण्यांच्या हातून मारला गेला. १०३२ मधे मरेचा मॉर्मेर, म्हणजे प्रांताचा प्रमुख सरदार, गिले कोमगान पन्नास माणसांसकट जाळला गेला. हा गिले कोमगान म्हणजे फिनलेखचा पुतण्या, आणि इतिहासकारांनी वंशावळी जोडून जे काढलंय त्यानुसार ग्रुओखचा पहिला नवरा. पुढच्याच वर्षी, १०३३ मधे, बोइटेच्या घरातला एक पुरुष, तिचा भाऊ किंवा भाचा-पुतण्यांपैकी कोणी, राजा माल्कम दुसरा याने मारला. म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षात नवरा गेला, माहेरचा माणूस गेला, आणि पदरात लुलाख नावाचं लहान पोर. त्यानंतर ती मॅकबेथची बायको झालेली दिसते, ज्या मॅकबेथचा बाप तिच्या पहिल्या नवऱ्याच्या घरच्यांनी मारला होता आणि ज्याच्याकडे त्या १०३२ च्या आगीबद्दल बऱ्याच इतिहासकारांचं बोट जातं.

जाळणाऱ्याचं नाव नोंदीत नाहीये. ग्रुओखचं तर या नोंदींत नावच नाही. पण इतकं भयंकर, इतकं दाट मटेरियल कुठल्या कादंबरीकाराला मिळतं? नवऱ्याला कदाचित ज्याने जाळलं त्याच्याशी लग्न, आणि त्या नवऱ्याने सावत्र मुलाला मारून न टाकता जवळ वाढवलं, इतकं जवळ की १०५७ मधे मॅकबेथ लुम्फाननला मारला गेल्यावर गादीवर तोच आला. हे का झालं, कसं झालं, त्या घरात जेवताना काय वातावरण असेल, हे कोणालाही कधीच कळणार नाही. इथे कादंबरी हवीच.

पण होतं काय, बहुतेक वेळा या जागेची लव्हस्टोरी होते. लव्हस्टोरी करायची म्हटलं की पहिला नवरा राक्षस दाखवावा लागतो, मारहाण करणारा, दारुडा, वयाने दुप्पट, म्हणजे मग त्याला जाळलं तरी वाचक मॅकबेथच्या बाजूने राहतो आणि ग्रुओखच्या मनावर ओरखडा नाही. गिले कोमगान बायकोशी वाईट वागायचा याचा कुठे काडीचा पुरावा नाही. एका मेलेल्या बाईवरचा चारशे वर्षांचा कलंक पुसायला निघालो आणि त्यासाठी दुसऱ्या मेलेल्या माणसावर नवा कलंक लावला, हे मला पटत नाही. आणि मुख्य म्हणजे यात ग्रुओख लहान होते. तिला फक्त सुटका करून घ्यायची असते, कोणीतरी देखणा पुरुष येऊन ती करून देतो, बस्स.

त्या काळातला वारसा कसा चालायचा ते लक्षात घेतलं तर दुसरी शक्यता समोर येते, आणि ती जास्त अवघड आणि जास्त खरी वाटते. अल्बामधे, म्हणजे तेव्हाच्या स्कॉट राज्यात, बापाची गादी थोरल्या मुलाला असा नियम बसलेला नव्हता, राजघराण्याच्या वेगवेगळ्या शाखांतल्या कर्त्या पुरुषांत गादी फिरायची. माल्कम दुसरा याला मुलगा नव्हता, त्याला आपल्या मुलीचा मुलगा डंकन गादीवर बसवायचा होता, म्हणून तो बाकीच्या शाखा छाटत चालला होता असं दिसतं. ग्रुओख त्याच छाटल्या जाणाऱ्या शाखेतली, केनेथ नावाच्या राजाची नात. तिच्या रक्तात गादीवरचा हक्क होता आणि तो तिच्या मुलाकडे जाणार होता. अशा बाईने मरेच्या नव्या प्रमुखाशी लग्न केलं तर त्यात तिचीही काही गणितं असतीलच ना? मुलगा जिवंत राहिला पाहिजे, माल्कमच्या माणसांपासून वाचला पाहिजे, आणि त्याला वाचवू शकेल असा उत्तरेत एकच घोडेस्वारांचा धनी आहे, भले त्याचे हात कसेही असोत. ही बाई निर्दोषही नाही आणि राक्षसीणही नाही. ती हिशेब करते, तो हिशेब तिला रात्री झोपू देत नसेल, तरी ती करते. मला अशी ग्रुओख वाचायचीय.

लेडी मॅकबेथ कशी घडली हेही थोडक्यात सांगायला हवं, कारण सगळा दोष शेक्सपिअरवर टाकायची पद्धत आहे आणि ती बरोबर नाही. साधारण १४२० च्या सुमारास अँड्र्यू ऑफ विंटून नावाच्या स्कॉट लेखकाने पद्यात इतिहास लिहिला, त्याच्याकडे ग्रुओखचं नाव आहे पण ती डंकनची विधवा झालीय. १५२७ मधे हेक्टर बोईसचा लॅटिन इतिहास आला, त्यात बँको हे मॅकबेथच्या साथीदाराचं पात्र पहिल्यांदा दिसतं आणि नवऱ्याला भरीला घालणारी महत्त्वाकांक्षी बायकोही दिसते. तिथून ते १५७७ मधे होलिनशेडच्या इंग्रजी बखरीत आलं. शेक्सपिअरने १६०६ च्या आसपास नाटक लिहिलं तेव्हा इंग्लंडच्या गादीवर जेम्स होता, बँकोला आपला पूर्वज मानणाऱ्या स्टुअर्ट घराण्यातला. होलिनशेडच्याच बखरीत डफ नावाच्या दुसऱ्या एका राजाच्या खुनाची गोष्ट आहे, डॉनवाल्ड नावाचा सरदार बायकोच्या सांगण्यावरून घरी झोपलेल्या राजाला मारवतो, शेक्सपिअरने तो खून उचलून डंकनच्या गोष्टीला जोडला. खरा डंकन १०४० मधे मरे प्रांतात एल्गिनजवळ मॅकबेथच्या बाजूकडून मारला गेला, तोही चढाई करून गेलेला असताना, आणि जुन्या नोंदीत तो कोवळ्या वयाचा होता असं म्हटलंय, पांढऱ्या केसांचा म्हातारा पाहुणा नव्हता. मॅकबेथने त्यानंतर सतरा वर्षं राज्य केलं. १०५० मधे तो रोमला यात्रेला गेला, आणि जर्मनीतल्या माइन्समधे राहणाऱ्या एका आयरिश साधूने लिहून ठेवलंय की मॅकबेथने रोममधे गरिबांना बी पेरावं तसा पैसा वाटला. राजा इतके महिने देशाबाहेर आणि मागे बंड नाही, म्हणजे कोणीतरी मागे नीट सांभाळत होतं. कोण? इथे परत ग्रुओखला जागा आहे, आणि या जागेकडे फारसं कोणी बघत नाही.

नाटकातल्या बाईला शेक्सपिअरने नावच दिलेलं नाही, ती शेवटपर्यंत फक्त लेडी मॅकबेथ. त्याने इतिहास सांगतोय असा दावाही केला नाही, नाटक लिहिलं आणि ते अफाट लिहिलं. ते मराठीत शिरवाडकरांच्या "राजमुकुट"पर्यंत आलं, आणि आपल्या मनात ती रक्ताचे हात धुणारी बाई पक्की बसली. ताकदवान कलाकृती इतिहासाला कशी गिळते याचं याहून मोठं उदाहरण नाही. आणि म्हणूनच "कादंबरीच तर आहे, कोण खरं मानतंय" हे उत्तर मला मान्य होत नाही. लोक खरं मानतात. चारशे वर्षं मानलंय. जो लेखक म्हणतो की शेक्सपिअरने तिच्यावर अन्याय केला त्याने हेही मान्य करायला हवं की त्याच्या स्वतःच्या पुस्तकालाही तीच ताकद असू शकते.

आयर्लंडमधली गोर्मलाही याच रांगेतली. आयर्लंडच्या पूर्वेकडच्या लेन्स्टर प्रांताच्या राजाची मुलगी, डब्लिनच्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंग वंशाच्या राजा ओलाफ क्वारानची बायको, तिथला राजा सिट्रिक तिचा मुलगा, आणि पुढे ती आयर्लंडचा बलाढ्य राजा ब्रायन बोरू याची बायको. १०१४ च्या गुड फ्रायडेला क्लॉन्टार्फची प्रसिद्ध लढाई झाली तेव्हा एका बाजूला ब्रायन आणि दुसऱ्या बाजूला तिचा मुलगा आणि तिचा भाऊ मेल मोर्दा. या लढाईचं कारण काय, तर ब्रायनच्या वंशजांच्या बाजूने, बहुधा त्याच्या पणतूच्या दरबारात, साधारण शंभर वर्षांनी लिहिलेल्या आयरिश बखरीत एक गोष्ट आहे. मेल मोर्दा ब्रायनच्या गढीवर डोलकाठीसाठी पाइनचं खोड पोचवायला चाललाय, अंगात ब्रायननेच दिलेला सोनेरी काठाचा रेशमी अंगरखा, ओझं ओढताना त्याचं चांदीचं बटण तुटतं. तो गढीवर पोचून बहिणीला म्हणतो, तेवढं बटण लावून दे. ती अंगरखा घेते आणि सरळ आगीत फेकते, आणि त्याला सुनावते की तू दुसऱ्याचा चाकर झालास, आपला बाप आणि आजा कधी झाला नसता. तिथून भांडण पेटतं आणि लढाईपर्यंत जातं.

दृश्य म्हणून हे जबरदस्त आहे, मी कितीदा तरी वाचलंय. पण यात काय झालं बघा, लेन्स्टरने खंडणी द्यायची की नाही, डब्लिनच्या बंदराचा पैसा कोणाच्या हातात, ब्रायनला सगळ्या बेटाचा राजा कितीजण मानतात, हे सगळे वर्षानुवर्षांचे खरे वाद एका बाईच्या जिभेवर आणून ठेवले. तेराव्या शतकातल्या आइसलँडच्या कथेत तर तिच्याबद्दल असं म्हटलंय की जे तिच्या हातात नव्हतं त्या सगळ्यात ती उत्तम होती आणि जे हातात होतं त्या सगळ्यात वाईट. म्हणजे रूप देवाचं आणि कर्म तिचं.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना, पण शाळेतल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत असते ती आनंदीबाई आणि तिने केलेला "ध चा मा". तो बदललेला कागद काही कोणाच्या हाती लागलेला नाही. तरी गोष्ट इतकी घट्ट बसलीय की तिला आपणही सहज लेडी मॅकबेथ म्हणून मोकळे होतो, आणि गंमत नाही, खरंच दुःखाची गोष्ट अशी की ज्या बाईवरून आपण ही उपमा देतो तिच्यावरही तसाच आळ आलेला होता. खुनाने ज्याचा फायदा झाला तो पुरुष कमकुवत, बिचारा, भरीला पडलेला, आणि बायको खरी खलनायिका, हा साचा स्कॉटलंडमधेही तोच आणि पुण्यातही तोच.

मग साचा मोडायचा म्हणून नव्या कादंबऱ्या काय करतात? बऱ्याचदा दुसरा साचा आणतात. केल्टिक म्हटलं की जादू, जुन्या देवी, गुप्त विद्या, जडीबुटी, आजीकडून नातीला मिळालेली दृष्टी. ग्रुओख त्यात हमखास द्रष्टी किंवा पुरोहितीण होते आणि ख्रिस्ती साधू तिच्या वाटेतले कपटी पुरुष. आता स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आयोना बेटावरचा ख्रिस्ती मठ स्थापन झाला ५६३ मधे. ग्रुओखच्या काळापर्यंत त्याला साडेचारशे वर्षांहून जास्त झाली होती, तिचे खापरपणजोबाही ख्रिस्तीच. आणि तिने स्वतः केलेली, कागदावर उरलेली एकमेव गोष्ट म्हणजे साधूंना जमीन देऊन प्रार्थना मागणं. ती कोणासाठी मागितली असेल? जळालेल्या नवऱ्यासाठी? मारलेल्या माहेरच्या माणसासाठी? डंकनसाठी? या प्रश्नात अख्खी कादंबरी आहे, आणि आपण ते दान बाजूला सारून तिच्या हातात जादूची मुळी देतो, कारण आजच्या वाचकाला देवभोळी राणी कंटाळवाणी वाटेल अशी भीती असते. मला वाटतं वाचकाला इतकं कमी लेखू नये. विठ्ठलाच्या वारीला जाणारी आणि घरचा कारभार करड्या हाताने चालवणारी बाई एकच असू शकते हे मराठी वाचकाला तरी कोणी समजावून सांगायला नको.

दुसरा साचा म्हणजे आजच्या मूल्यांची राणी. ती गुलामांशी मैत्रिणीसारखी वागते, युद्धाला कंटाळलेली असते, सगळ्यांना समान मानते. गोर्मला राणी होती त्या डब्लिनमधे गुलामांचा मोठा बाजार होता, छापे टाकून माणसं धरायची आणि समुद्रापार विकायची यावर शहराची श्रीमंती बऱ्याच अंशी उभी होती. स्कॉटलंडमधेही माल्कम तिसरा याने १०७० च्या सुमारास उत्तर इंग्लंडवर छापा टाकून इतके लोक पकडून नेले की त्या देशात इंग्रज गुलाम नाही असं घर उरलं नाही, असं डरहॅमच्या इतिहासलेखकाने लिहिलंय. अशा जगातल्या राणीच्या चुलीपाशी, मागावर, गोठ्यात कोण राबत असेल? तिचं दळण कोण दळत असेल? एका बाईला आवाज द्यायचा म्हणून निघालो तर त्या घरातल्या विकत आणलेल्या बाईचाही आवाज यायला हवा, आणि तो आला की राणी इतकी सहज गोड राहत नाही. मला हे टाळलेलं फार जाणवतं. राणीला माणूस म्हणून दाखवायचं असेल तर ती ज्याच्यावर उभी आहे ते दाखवायलाच लागेल.

यावर दोन गोष्टी लोक म्हणतात, त्यातली एक मला पूर्ण पटते. ती ही की या कादंबऱ्या नसत्या तर हजारो वाचकांना ग्रुओख हे नावच कळलं नसतं, कोणी कर्कनेसचं दानपत्र वाचायला जात नाही. हे खरं आहे आणि त्याबद्दल मी या लेखकांची आभारी आहे, अगदी ज्यांचं पुस्तक मला आवडलं नाही त्यांचीही. दुसरं म्हणतात की पुरुष राजांवर लिहिताना कोणी इतका हिशेब मागत नाही, बाईवर लिहिलं की लगेच पुरावे. यातही तथ्य आहे, पण मग उत्तर असं की राजांवर लिहिणाऱ्यांकडूनही मागा. आणि राण्यांचं प्रकरण थोडं वेगळंही आहे. राजाबद्दल पन्नास नोंदी असतात, कादंबरीकाराने दहा फिरवल्या तरी चाळीस उरतात. राणीची एकच असते, ती फिरवली की काहीच उरत नाही.

हे नीट कळायला ग्रुओखशेजारी मार्गारेट ठेवून बघा. माल्कम तिसरा, डंकनचा मुलगा, ज्याने मॅकबेथला आणि पुढच्याच वर्षी लुलाखला संपवलं, त्याची ही बायको, इंग्लंडच्या राजघराण्यातली. ती १०९३ मधे गेली. तिच्या मुलीसाठी तिचं अख्खं चरित्र लिहिलं गेलं, तिची पुस्तकं, तिचे उपास, नवऱ्याशी वागणं, सगळं त्यात आहे, पुढे तेराव्या शतकात ती संतही झाली. आणि लॉक लेव्हनच्या त्याच दप्तरात, त्याच साधूंना, माल्कम आणि मार्गारेटनेही जमीन दिल्याची नोंद आहे. दोघी राण्यांनी एकच काम केलं. एकीच्या बाजूचे लोक जिंकले म्हणून ती संत, दुसरीच्या बाजूचे हरले म्हणून ती खुनी नवऱ्याची चेटकीण बायको. मार्गारेटवर कोणी वेडंवाकडं लिहिलं तर मूळ चरित्र काढून दाखवता येतं. ग्रुओखच्या बाजूने काढून दाखवायला तेवढी एक जमिनीची नोंद आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की लगेच भावना दुखावल्या, पुस्तक मागे घ्या, कोर्टात खेचा असं सुरू होतं. मला ते अजिबात नकोय. बंदीने इतिहास वाचत नाही, उलट लेखक घाबरतात आणि सगळे गुळगुळीत देव्हाऱ्यातले पुतळे लिहायला लागतात. ग्रुओखबद्दल भावना दुखावणारे कोणी उरलेले नाहीत म्हणून तिच्याशी काहीही करता येतं, आणि आपल्याकडच्या राण्यांबद्दल दुखावणारे इतके आहेत की काहीच करता येत नाही. दोन्हीकडे खरी बाई हरवतेच. मी मागतेय ते फार साधं आहे. पुस्तकाच्या शेवटी लेखकाची दोन-तीन पानं हवीत, ज्यात लिहिलेलं असेल की हे नोंदीत आहे, हे इतिहासकारांनी जोडलंय, हे मी रचलंय, आणि इथे मी मुद्दाम नोंदीविरुद्ध गेलोय, कारण हे. चांगले लेखक हे करतातच. काही जण दोन ओळींत उरकतात. पब्लिशरने कव्हरवर "खरी कहाणी" असं छापू नये. आणि यातलं एखादं पुस्तक कधी मराठीत आलं तर पानं वाचवायला म्हणून ती टीप गाळू नये. उलट आपल्या वाचकासाठी ती वाढवावी, कारण तिकडच्या वाचकाला मरे आणि लेन्स्टर कुठे आहे हे थोडंफार तरी माहीत असतं, आपल्याला नसतं.

आणि एक मागणं लेखकांकडे. या बहुतेक कादंबऱ्यांची नजर मॅकबेथवर असते, त्यामुळे १०५७ ला तो पडला की गोष्ट संपते. ग्रुओखची गोष्ट तिथे संपत नाही. तिच्या मुलाने काही महिने राज्य केलं, मार्च १०५८ मधे स्ट्रॅथबोगीतल्या एसी या ठिकाणी तो मारला गेला, आणि राजांच्या याद्यांत त्याच्या नावापुढे "मूर्ख" असं विशेषण लागलं. या याद्या पुढे जपल्या गेल्या त्या त्याला मारणाऱ्यांच्या वंशाच्या राज्यात. त्याचा मुलगा मेल स्नेक्ता मरेचा राजा म्हणून १०८५ मधे वारला. लुलाखच्या मुलीचा मुलगा अँगस मरेहून फौज घेऊन दक्षिणेत उतरला आणि ११३० मधे स्ट्रॅकाथ्रोच्या लढाईत पडला. म्हणजे मॅकबेथनंतर सत्तर वर्षांहून जास्त काळ त्या रक्ताचे लोक गादीवरचा हक्क सांगत लढत होते, आणि मॅकबेथचं स्वतःचं मूल नोंदीत कुठेच नाही, हा सगळा वंश ग्रुओख आणि त्या जळालेल्या गिले कोमगानचा आहे. कोणीतरी ही कादंबरी १०५८ च्या मार्चपासून सुरू करावी, मुलगा मेल्याची बातमी मरेला पोचते तिथून, नातवंडं अजून लहान आहेत तिथून.